तेहरानची ओवाळणी

"नुसती सही कर गं," म्हणत हर्षलनं धाकट्या बहिणीचा, योगिनीचा, सिन्नरच्या जमिनीतला वाटा लाटून विकला आणि त्या पैशांचे बिटकॉइन घेतले. उठसूट मोबाइलवर भाव बघायचा आणि वर तिलाच ऐकवायचा. तरी भाऊबीजेला तिनं त्याला हसत ओवाळलं, आणि उलट तिनंच त्याच्या हातात तेहरानचं तिकीट ठेवलं. "दादा, तुझ्या द्वारका चौकातल्या सुक्यामेव्याच्या दुकानासाठी पिस्ता थेट इराणहून आण की!"

तिथं पोचला त्याच संध्याकाळी त्याचा रडवेला फोन आला. "योगे, इथं बिटकॉइनचं ॲप उघडलं आणि खातंच गोठवलं गं! म्हणे, इराणवर निर्बंध आहेत. सगळं अडकलं!"



"विमान सकाळीच उतरलं ना, दादा?" योगिनी म्हणाली. "तेव्हापासून तुझ्याच फोनची वाट बघतेय."