पाणी मात्र छान जमलंय

पडद्याच्या भोकाला टपालबाईंनी सातव्यांदा डोळा लावला. दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या अजून रिकाम्याच होत्या.

“बाई, बसा हो जरा एका जागी! टोप सरकतोय,” मेकअपवाला वैतागला.

बसतायत कसल्या! पायाला नुसती भिंगरी लागली होती. मुलगा येणार यात शंका नव्हती; तो दर रविवारी यायचाच. प्रश्न सुनेचा होता. ‘ऑफिस जवळ पडतं’ म्हणून दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून सून या घराची पायरी चढली नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. काय बिनसलं, ते टपालबाईंना काही केल्या कळत नव्हतं. आज प्रयोग संपला की तिचा हात धरून तिला घरी जेवायला न्यायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. स्वयंपाक सकाळीच करून झाकून ठेवला होता.

नाटक शंभर वर्षांपूर्वीच्या एका घरातलं, पोट धरून हसायला लावणारं. बसवलेलं पोस्टातल्या हौशी मंडळींनी. तिकिटांच्या खिडकीवर तीस वर्षं काढलेल्या टपालबाई त्यात खाष्ट सासू झाल्या होत्या. आणि तालमीत त्यांनी अशी काही सासू उभी केली की दिग्दर्शक, म्हणजे दातांचे डॉक्टर, खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. जेवणाच्या प्रवेशात सासू एकेक वाटी चाखते आणि बाजूला सारते. पुस्तकात तिथे ‘सासू नाक मुरडते’ एवढंच होतं. टपालबाईंनी नाक मुरडलं, सावकाश पाण्याचा घोट घेतला आणि नाटकातल्या सुनेला म्हणाल्या, “पाणी मात्र छान जमलंय हो, सूनबाई!”

“हे कुठून आणलंत?” डॉक्टरांनी डोळे पुसत विचारलं.

“आमच्या सासूबाईंचं. गेल्या बिचाऱ्या. बावीस वर्षं दोन्ही वेळा ऐकलं आणि हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले.”

प्रॉम्प्टर वाक्य लिहून घ्यायला लागला, तर त्याला त्यांनी उडवूनच लावलं. “लिहिताय काय? झोपेतसुद्धा म्हणेन मी!”

म्हणून तर सुनेनं यायला हवं होतं. बघू दे तिला, सासू कशाला म्हणतात ते! आपण काय भोगलं आणि तिला कसं फुलासारखं ठेवलं, ते एकदा दिसलं की येईल आपणहून.

तिसरी घंटा झाली. पडदा सरकला. पहिला प्रवेश संपत आला तेव्हा कुठे अंधारात दोन माणसं वाकून आत शिरली. मुलगा टेकून बसला. सून पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसली, पाहुण्यासारखी.

टपालबाईंना चेव चढला. जेवणाच्या प्रवेशात पहिली वाटी चाखली, सारली. हशा. दुसरी सारली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. मुलगाही हसत होता. सून मात्र हसत नव्हती. ती त्या वाटीकडे बघत होती. ही हसत का नाही? टपालबाईंनी घोट घेतला, फुलपात्र खाली ठेवलं, तोंड उघडलं... आणि वाक्यच गेलं. पार पुसून गेलं.

विंगेत प्रॉम्प्टरनं भराभरा पानं उलटली. पुस्तकात असेल तर सापडणार ना! नाटकातली सून हातातली पळी उगाच फिरवत राहिली. हशा विरला.

दुसऱ्या रांगेतून आवाज आला. हळू, पण स्वच्छ.

“पाणी मात्र छान जमलंय हो, सूनबाई.”

लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. टाळ्या, शिट्ट्या, नुसता धुमाकूळ. मुलानं तेवढी मान खाली घातली होती.

आज पहिलाच प्रयोग. वाक्य पुस्तकात नाही. आणि सासूबाईंचा फोटो भिंतीवर चढला, त्यानंतर चार वर्षांनी ही मुलगी लग्न होऊन घरात आली होती. मग तिनं हे ऐकलं कोणाच्या तोंडून? टपालबाईंना अशी लाज वाटली की टोपाखाली कान तापले.

त्यांनी सारलेली वाटी पुन्हा जवळ ओढली. नाटकातलीच ती, रिकामी. तरी तिच्यात बोट फिरवून चाटलं.

“जेवणही छान झालंय गं,” त्या म्हणाल्या. “रोजच छान व्हायचं.”

कोणीच हसलं नाही.

“बाई, हे पुस्तकात नाहीये!” प्रॉम्प्टर विंगेतून कळवळला.

“घरातही नव्हतं,” दुसऱ्या रांगेकडे बघत टपालबाई म्हणाल्या.