मधल्या दाराची कडी

पाचवी कोंबडी पाण्याच्या पिंपामागे सापडली. थोरल्या सुनेने तिला पायांना धरून बाहेर ओढलं आणि आधीच्या चौघींशेजारी गोणपाटावर ठेवलं. परसभर पांढरी पिसं पसरली होती. ती फक्त शिवलेले गणवेश शाळेत पोचवायला गेली होती, जेमतेम अर्धा तास.

कोंबड्या एकूण अकरा होत्या, बेचाळीस दिवसांच्या. मांसासाठी वाढवलेले हे पक्षी पळत नाहीत. त्यांना स्वतःचं अंगच पेलवत नाही, चार पावलं टाकली की बसतात. कुत्र्याला धावायचेही कष्ट पडले नव्हते. जी जिथे बसली होती, ती तिथेच फाडली गेली होती. खुराड्यात राहिलेल्या पाच तेवढ्या वाचल्या होत्या.

थोरलीने आपल्याकडून काही कमी केलं नव्हतं. मुंगूस खालून उकरतं म्हणून जाळी हातभर जमिनीत पुरली होती. घार वरून झेप घालते म्हणून सगळ्या परसावर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं होतं. मांजराचा पंजा आत शिरू नये म्हणून खालच्या बाजूला बारीक भोकांची दुसरी जाळी तारेने शिवली होती, आणि तीही शिलाईच्या नेटक्या टाक्यांनी. राहिलं होतं ते एकच, तिच्या आणि दिराच्या परसामधलं दार. त्याला कडी होती ती दिराच्या बाजूने. इकडून दुसरी लावायला सासूने साफ नकार दिला होता. भावाभावांमध्ये कडी कसली, असं तिचं म्हणणं. कुत्रा मोकळा सोडाल तेव्हा तेवढी कडी घालत जा, हे थोरलीने दिराला तीनदा सांगितलं होतं.

त्याच दारातून दीर आला. हातात चहाचा कप होता. गोणपाटाकडे पाहून तो चुकचुकला आणि बोलायला लागला. बच्चू अजून कुत्र्याचं पिल्लूच आहे, त्याला खेळ वाटला असेल. कडी आपणच घातली होती, बहुधा ती नीट बसली नसेल. उद्या बाजारातून पाच आणून टाकतो, चांगल्या वजनदार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूनेही दुजोरा दिला, मुक्या जनावराला काय कळतं, त्यावरून घरात तोंडं वाकडी नकोत. थोरलीचा नवरा ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसला होता. धाकट्या भावाचा विषय निघाला की त्याच्या ओठांना टाका पडायचा. गेल्या पंधरा मिनिटांत त्याने पान उलटलं नव्हतं.

थोरली वाकून पिसं गोळा करत राहिली, तसा दिराला धीर आला. त्याने चहाचा घोट घेतला.

"आणि वहिनी, शेवटी कापायच्याच होत्या ना?"

थोरलीने पिसं झटकून हात पदराला पुसले.

"कापायच्या होत्या, भावजी. फाडायच्या नव्हत्या."

ती कापायची तेव्हा आदल्या संध्याकाळी दाणे बंद करायची, पाणी मात्र ठेवायची. सुरीला धारही आदल्या दिवशीच लावलेली असायची. एका वेळी एकच पक्षी, तोही बाकीच्यांच्या नजरेआड, मोरीच्या भिंतीपलीकडे. एकाच झटक्यात, एकदाच. दिराच्या ताटात दर रविवारी तंगडी पडायची ती अशी. ती कुठून येते हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

ती आत गेली आणि सुरी घेऊन आली. दिराला वाटलं, आता ही आवराआवर करणार. त्याने कप कठड्यावर ठेवला आणि आपण निघतो म्हणाला. थोरली त्याच्या आधी मधल्या दाराशी पोचली. दार लोटून तिने त्याला पाठ टेकवली. पलीकडून बच्चू नखांनी फळी खरवडत होता.

"सहावी जिवंत आहे," ती म्हणाली.

कोपऱ्यात, भिंतीला अंग टेकून, सहावी बसली होती. पाठीची कातडी सोलून एका बाजूला लोंबत होती. एक पाय उलटा वळला होता. डोळे मात्र उघडे होते, लख्ख.

थोरलीने सुरी उलटी केली आणि मूठ दिरापुढे धरली.

तो हसला. वहिनी थट्टा करतेय, असा चेहरा करून त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत आता कोणी नव्हतं.

"मला नाही जमणार, वहिनी."

"बच्चूला जमलं."

"दादा," त्याने ओसरीकडे हाक मारली. "दादा, सांग ना हिला."

ओसरीवर वर्तमानपत्राचं पान उलटलं.

थोरलीचा हात तसाच पुढे होता. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि दिराला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने सुरी घेतली. मूठ तिच्या हाताने कोमट झाली होती.

"डाव्या हाताने मान धरा," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला माप समजावून सांगावं तसा तिचा आवाज होता. "एकदाच. दोनदा करायची वेळ आणू नका."

तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि उकिडवा बसला. त्याची सावली अंगावर पडली तशी कोंबडीने डोकं वर केलं. माणूस जवळ आला म्हणजे दाणे आले, बेचाळीस दिवसांत ती एवढंच शिकली होती. त्याच्या रिकाम्या हाताकडे पाहत तिने मान लांब केली.