अप्पांची चिप

उद्या पद्मजाला वडिलांच्या, अप्पांच्या, अस्थींबरोबर त्यांच्या गळ्यातली आवाजाची चिपही रिवाजाप्रमाणे कृष्णेत सोडायची होती. पण दवाखान्यातल्या ताटलीत एकसारख्या तीन चिपा पडल्या होत्या आणि धुताना त्यांच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या.

"काकू, संगणकाच्या तपास-खिडकीतून प्रत्येकीला ओळख विचारली," दवाखान्यातला तंत्रज्ञ निनाद म्हणाला. "तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या. कुठलीही न्या की!"

"परक्याचा कंठ नदीत सोडू का रे बाबा?" पद्मजा हळूच म्हणाली. "आणखी काही विचार ना त्यांना."

त्याने दुरुस्त्यांची नोंद उघडली. माणूस अडखळला की चिप तो शब्द सरळ करून बोलायची. तिसरीत एकच शब्द अकरा वर्षं रोज दुरुस्त झाला होता: पद्मजा.

तिला वाटलं होतं, चिप बसली आणि अप्पांचं अडखळणं गेलं.

"दुरुस्तीच्या आधीचा आवाज आहे का रे?"

निनादने कळ दाबली.

"प... प... पद्मजा."

लहानपणी ही हाक पुरी व्हायच्या आत ती धावत पोचायची. आज ती जागची हलली नाही. हाक पुरी होऊ दिली, मगच म्हणाली, "ओ, अप्पा."