आठाचा पाढा

नाश्त्याच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्यांशेजारी काळे मेणाचे खडू आणि कागदांचा एक गठ्ठा ठेवलेला होता. प्रत्येक कागदावर एक ते ऐंशी आकडे, दहा-दहाच्या आठ ओळी. लास व्हेगासमध्ये आल्याला दोन दिवस झाले होते आणि एकनाथरावांना इथलं काहीतरी पहिल्यांदाच आवडलं होतं. मुलांसाठी निदान एवढी तरी सोय ठेवलीय, असं त्यांना वाटलं.

"अबोली, आठाचा म्हण. येईल तो आकडा रंगवायचा."

सात वर्षांची नात पॅनकेक बाजूला सारून खुर्चीवर गुडघे टेकून बसली. आजोबा भारतातून त्यांच्या घरी नेपरव्हिलला आल्यापासून तीन महिन्यांत ती आठापर्यंत पोचली होती. हा पाढा अजून कच्चा होता.

"आठ एके आठ. आठ दुणे सोळा. आठ त्रिक चोवीस. आठ चोक..."

ती अडली. एकनाथराव नुसते थांबले. अडलेल्या मुलाला त्यांनी कधी उत्तर सांगितलं नव्हतं.

पलीकडे त्यांचा मुलगा शार्दूल आणि त्याच्या ऑफिसातला निमिष यांचं वेगळंच चाललं होतं.

"अटलांटिक सिटी डिप्रेसिंग आहे यार," निमिष म्हणाला. "बसेस भरभरून म्हातारे येतात. बाहेर एवढा समुद्र, पण एक माणूस तिकडं बघत नाही."

"आणि आपल्याकडची नदीवरची कॅसिनो-बोट?"

"ती कसली बोट, काठाला बांधून ठेवलेली. आत सगळे डेंटिस्टकडे नंबर लावल्यासारखे बसतात. इथं कसं, अॅटमॉस्फिअर आहे. फॅमिली प्लेस. काका, तुम्हाला आवडलं ना?"

"खिडकी दिसली नाही कुठं," एकनाथराव म्हणाले. "घड्याळही नाही."

"तीच तर मजा आहे काका."

उपाहारगृहाला समोरची भिंत नव्हती. तिथून थेट जुगाराच्या यंत्रांच्या रांगा सुरू होत. सिगारेटचा शिळा वास आणि त्यावर मारलेलं गोड अत्तर, दोन्ही घासाबरोबर गिळावं लागत होतं. सगळ्यांत जवळच्या यंत्रासमोर एक म्हातारी बसली होती. तिच्या गळ्यातली वेटोळ्यांची दोरी यंत्रात खुपसलेल्या कार्डाला जोडलेली होती. दावणीला बांधावं तशी. काल जेवणाच्या वेळीही ती तिथंच होती, याच हिरव्या स्वेटरमध्ये.

"बत्तीस!" अबोलीला सापडलं. मग ती भराभर पुढं गेली. चाळीस, अठ्ठेचाळीस, छप्पन्न. आठ दाहे ऐंशी झाल्यावर तिनं खडू ठेवला आणि कागद लांब धरून पाहिला. काळे चौकोन तिरके तिरके खाली उतरत होते.

"आजोबा, लुक, स्टेअर्स!"

"बघ की. पाढा बरोबर असला की अशाच पायऱ्या पडतात. एक जरी चुकला असता तर पायरी मोडली असती."

शार्दूलनं वाकून पाहिलं. "किती आकडे झाले गं? दहा? परफेक्ट." त्यानं कागद उचलला आणि टेबलांमधून असे कागद गोळा करत फिरणाऱ्या बाईला हात केला. बाईनं कागदावरचा मेणाचा रंग पाहिला, अबोलीची काळी बोटं पाहिली.

"माझाच आहे," शार्दूल इंग्रजीत म्हणाला आणि वर वीस डॉलर ठेवले. बाई कागद घेऊन गेली.

"हे काय केलंस?" एकनाथरावांनी विचारलं.

"केनो आहे बाबा. त्या बोर्डावर वीस आकडे पेटतात. आपले जितके जुळतील तसे पैसे."

"अरे, तो तिचा अभ्यास होता."

"म्हणून तर. लहान मुलाच्या हातचं आहे. भिशीची चिठ्ठी आई माझ्याच हातून काढायची ना? तेव्हा तुम्ही काही म्हणाला नव्हता."

तोंडातला घास एकनाथरावांनी कागदी रुमालात काढून ठेवला.

बाईनं अबोलीचा कागद आणि छापील तिकीट परत आणून दिलं. भिंतीवरच्या बोर्डावर आकडे पेटू लागले. अबोली खुर्चीवर उभी राहिली.

"चोवीस! आजोबा, आठ त्रिक आलं!"

"चला," निमिष म्हणाला. "आता पटापट येऊ देत."

एकतीस पेटला. तेहतीस पेटला. मधला बत्तीस काळाच राहिला. मग छप्पन्न आला, आणि त्यानंतर तिचा एकही नाही. विसावा आकडा पेटून बोर्ड थांबला, तेव्हा अबोली अजून वरच बघत होती.

"गेले," निमिषनं कॉफीचा घोट घेतला.

"दोनच बरोबर आले बेटा," शार्दूलनं तिकीट चुरगळून बशीत टाकलं. गठ्ठ्यातला नवा कागद काढून त्यानं तिच्यापुढं सरकवला. "हा पाढा काही कामाचा नाही. आता नवाचा कर."

अबोली खाली बसली. नव्या कागदाला तिनं हात लावला नाही. जुना ओढून घेतला. खडू उचलून एकेका आकड्यावर ती फुली मारत गेली, शाळेतल्या मॅडम मारतात तशी, काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यांबाहेर जाईल एवढी मोठी. चोवीस सोडला, छप्पन्न सोडला. बाकीच्या आठांवर फुल्या पडल्या.

"मग आठ चोक किती असतात, आजोबा?"

"बत्तीस," एकनाथराव म्हणाले.

अबोलीनं मान वळवून बोर्डाकडं पाहिलं.