सुनेसाठी सुरी

“भेंडी चिरलीयस की सरपण फोडलंयस?” ताटातला एक तुकडा चिमटीत धरून चतुराबाईंनी विचारलं.

विळीवर बसलेली त्यांची नवी सून हर्षाली मान खाली घालून म्हणाली, “आई, मला नाही हो जमत विळीवर.”

“ऊठ. बघ नीट.”

भिंतीला हात देत चतुराबाई खाली टेकल्या. भराभर एकसारख्या चकत्या पडल्या. उठताना मात्र त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली आणि त्या मोठ्यानं खोकल्या. खोकला कसला! गुडघ्यातली कळ तोंडावाटे बाहेर पडू नये, म्हणून केलेली ती युक्ती. दारात उभे असलेले त्यांचे यजमान रंगनाथ हे ओळखून होते.

खाली बसणं बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. “त्या पोराला अजून मिसरूड फुटलं नाही,” असं म्हणून चतुराबाईंनी डॉक्टरच निकालात काढला. मग एकदा रंगनाथ चुकून बोलून गेले, “आता विळी सुनेकडं दे.” त्यानंतर आठवडाभर त्यांच्या ताटात भाजी पडत राहिली, पण कानावर शब्द पडला नाही.

संध्याकाळी हर्षाली हळूच त्यांच्याकडे आली. “अप्पा, तुम्ही करवतीच्या पात्यांच्या सुऱ्या करता ना? मला एक द्या की करून. ओट्याशी उभी राहून चिरीन.”

रंगनाथ अंबडच्या एका कारखान्यात लोखंडी गज कापणारी करवत चालवायचे. दाते झिजले की पातं भंगारात जायचं. साहेबांना विचारून ते एखादं घरी आणत आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात त्याची सुरी करत. गल्लीत घरोघरी त्यांच्या सुऱ्या होत्या. फक्त स्वतःच्या घरात नव्हती. “सुरीनं फळं कापतात. भाजी विळीवरच चिरायची,” हा चतुराबाईंचा कायदा.

सुनेचं बोलणं ऐकलं आणि रंगनाथांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुरी सुनेच्या नावाची करायची, पण बायकोच्या हाताला बसेल अशी!

रविवारी ते कामाला लागले. पात्याचे उरलेसुरले दाते सहाणेच्या चाकावर उडवले. पातं तापून धार बिघडू नये, म्हणून ते घडोघडी पाण्यात बुडवलं. मुठीच्या जाडीसाठी चतुराबाईंचं लाटणं गुपचूप पळवलं आणि सागाची मूठ बरोबर तेवढीच गोल केली. पात्याला मशीनवर बसवायचं भोक होतंच. त्यातून पितळेची खिळी ठोकून मूठ पक्की केली.

“एवढी जाड मूठ? सुनेचा हात केवढा, तुमची मूठ केवढी!” चतुराबाई म्हणाल्या.

“सवय होईल तिला,” असं म्हणून रंगनाथांनी पेपर तोंडापुढं धरला.

हर्षालीनं ओट्याशी उभं राहून कांदा कापायला घेतला. एक फोड सुपारीएवढी, दुसरी लिंबाएवढी. तिसरी तर उडून थेट दुधाच्या पातेल्यात पडली. चतुराबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि त्या पुढं झाल्या.

“आण ती इकडं! कांद्याची इतकी विटंबना मला नाही बघवत.”

मूठ त्यांच्या हातात अशी बसली, की त्या क्षणभर थांबल्याच. मग सुरी सरसर चालू लागली. दुसऱ्या दिवशी मेथी, तिसऱ्या दिवशी कोबी. “ही पोरगी शिकेपर्यंत मलाच करावं लागणार,” असं त्या रोज कुरकुरत आणि रोज उभ्यानं चिरत. विळी माळ्यावर गेली. खोकलाही गेला. रंगनाथ मिशीतल्या मिशीत हसत. एवढी चतुर बाई, पण नवऱ्यानं बरोबर गुंडाळली!

दिवाळीच्या तोंडावर हर्षालीची आई सिंधुबाई सिन्नरकडच्या गावाहून जीपनं आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिनं कपाळावर हात मारला.

“अगं बया! इहीणबाई, तुम्ही काय कापत बसल्या? आमच्या हर्षीला द्या की! लय चपळ हात हाय तिचा. गावात कुणाचंबी लगीन असू द्या, पंगतीची सगळी भाजी हीच चिरायची. तीबी इळीवर!”

बाहेरच्या खोलीत रंगनाथांच्या हातातला पेपर खाली आला. मग ही पोरगी इतके दिवस...? आता घरात काय पेटतंय या धास्तीनं रंगनाथांनी कान टवकारले.

पण सुरीचा आवाज थांबला नाही.

“ठाऊक आहे मला,” चतुराबाई म्हणाल्या. “विळीवर पाय कसा रोवायचा ते हिला अगदी बरोबर यायचं, चिरता तेवढं येत नव्हतं! पहिल्याच दिवशी ओळखलं मी. माझ्या गुडघ्यांसाठी चाललं होतं पोरीचं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण जरा हळू बोला, विहीणबाई. ही सगळी शक्कल आपलीच, असं वाटतंय ह्यांना.”