बेचाळिसावा फॉर्म

‘भाऊना मळामा पानी झुळुझुळु व्हाय वं, बहीण बांधवर उभी ऱ्हाईसनी पाहाय वं.’ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर बसून आई हे म्हणायची. झोका वर गेला की आवाज बारीक व्हायचा, खाली आला की भरून यायचा. चेतना तेव्हा पाच वर्षांची होती. तिला ते नुसतं पाण्याचं गाणं वाटलं होतं.

आज पुन्हा आखाजी. ब्राह्मणपुरीत नथ्थूमामाच्या ओसरीवर चेतना मांडीवर भरलेले एकेचाळीस फॉर्म घेऊन बसली होती. एल.एल.एम.चं शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय, बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडून देणाऱ्या बहिणी. लेकी आखाजीला माहेरी येतात, म्हणून गेल्या वर्षी याच दिवसांत ती घरोघर फिरली. प्रत्येक घरी भावाने खुर्ची दिली, सरबत दिलं आणि तो शेजारी बसून राहिला. हक्कसोड राजीखुशीने केलं का? एकेचाळीस बायांनी पदर सावरून हो म्हटलं.

परवा मार्गदर्शक सरांनी प्रबंध परत केला. सगळ्याच राजी असतील तर तक्रार नेमकी कोणाची, त्यांची की तुमची, असं त्यांनी भर वर्गात हसत विचारलं. आठ दिवसांत एक तरी ‘नाही’ आणा, नाहीतर विषय बदला. विषय बदलायचा म्हणजे अजून एक वर्ष, आणि घरात स्थळं येत असताना ते वर्ष तिला कोणी देणार नव्हतं.

सकाळी ती दोन घरी पुन्हा जाऊन आली. दोघींनी तेच सांगितलं. एकीने वर विचारलं, माझं माहेर तोडायला आलीस का?

“काय वकिलीणबाई,” मामा झोपाळ्यावरून म्हणाला, “भेटनी का एखादी रडकी?”

मग उपायही त्यानेच सुचवला. तुझ्या आईचा फॉर्म कुठे भरलास? भर की. आणि तो सांगूही लागला. राजीखुशी. चांगली भारी साडी नेसवली होती, तालुक्याच्या नोंदणी कचेरीत जीप करून नेलं होतं, घरी आल्यावर आमरसाचं जेवण होतं. दर आखाजीला आणायला मुराळी पाठवतो, बहिणीला रिकाम्या हाताने कधी परत पाठवलं नाही. घे लिहून.

चेतनाने कोऱ्या फॉर्मवर पेन टेकवलं आणि उचललं.

“मामा, सवाल मन्ही मायले शे.”

“मंग? ती का येगळं सांगाव शे?”

अंगणातल्या चुलीवर चेतनाची आई, धनुबाई, खापरावरचे मांडे करत होती. दोन्ही हातांवर ताणलेली पोळी, पदरासारखी पातळ. ती तिने खापरावर टाकलीच नाही. परातीत तशीच गोळा करून ठेवली, हात पुसले आणि ओसरीवर येऊन भावासमोर बसली.

“जीपमा बसाडं तवय सांगं, तुले दवाखानामा दखाडनं शे,” ती लेकीकडे बघत म्हणाली. “तू सव्वा महिनानी व्हती, मन्हा मांडीवर. साहेबनी इचारं, राजीखुशी शे का. मन्हं तोंड उघडाना पहिले भाऊनी हा म्हनी दिधं. मंग मी आंगठा दिधा.”

मामाचा झोपाळा थांबला. “बाई, सणना दिन शे,” तो हळू म्हणाला.

“सव्वीस आखाज्या मी तुन्हा मान राखा, भाऊ.”

चूल नुसतीच जळत होती. धनुबाईने फॉर्मवर बोट ठेवलं. बोटाला अजून ओलं पीठ होतं.

“लिख. मन्ही राजीखुशी नव्हती. नि मी हाई सांगस तवय भाऊ समोर बठेल शे, तेबी लिख.”