नारिंगाचं कार्ड

सकाळी साडेदहाला शब्दकोशाच्या कचेरीत गुर्जरबाईंनी ‘नारिंग’ शब्दाचं कार्ड पूर्ण केलं. स्पॅनिश ‘नारांखा’ त्याच कुळातला. डच मात्र संत्र्याला चीनचं सफरचंद म्हणतात, तर ग्रीकांनी त्याला पोर्तुगालचं नाव दिलं. पोर्तुगालच्या जागी बाईंनी मुद्दाम पोलंड लिहिलं.

बावीस वर्षं त्या आणि सहसंपादक रेगे एकमेकांसाठी कार्डात अशी एक चूक पेरत. समोरचा खरंच वाचतो का, ते त्यातून कळे. “बाई, झोपेत लिहिता का?” असं रेगे पलीकडच्या टेबलावरून विचारत. मार्चमध्ये ते वारले.

कार्ड नव्या संपादकांकडे गेलं. “तुमचं काय तपासायचं, बाई?” म्हणत त्यांनी हसून सही केली.

बाईंनी ‘पोलंड’ तसंच राहू दिलं. शुक्रवारी पान छापखान्यात गेलं. आज बुधवार. तिथूनही अजून कोणी फोन केलेला नाही.